पंडिता रमाबाई आणि पश्चात्तापाचा अर्थ



आमच्या मीरा-भाईंदरच्या वर्गात दरवर्षी राखेच्या बुधवारी उत्तनकडची दोन-तीन मुलं कपाळावर राखेचा क्रूस घेऊन येतात. ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ त्या दिवशी सुरू होतो. एका वर्षी शेजारच्या मुलाने विचारलं, की ही राख कशाला? पश्चात्तापासाठी, असं उत्तर आलं. त्यावर मागून कोणीतरी विचारलं, की तू असं केलंस तरी काय? वर्ग हसला, तो मुलगा ओशाळला आणि खरं सांगते, मलाही चटकन काही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी मी वर्गाला पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगितली. तीच इथे मांडते आहे.

रमाबाई तुम्हाला ठाऊक आहेत. आपण शिकवतो ते शारदा सदन, स्त्रीशिक्षण, हंटर आयोगापुढची साक्ष. पण या बाईंच्या मनात काय चाललं होतं, ते धड्यात येत नाही.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळ इथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकवलं, आणि आईने रमेला. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं ते वर्षानुवर्षं फिरतच राहिलं. पुराणं सांगायची, पवित्र नद्यांत स्नानं करायची, उपवास, दानधर्म. मन शुद्ध व्हावं, पाप धुतलं जावं यासाठी त्यांनी जवळचं सगळं वेचलं. मग दुष्काळ आला. आई तापात भुकेने तळमळत होती तेव्हा रमा शेजारणीकडे भाकरीचा तुकडा मागायला गेली, पण तोंडातून शब्द फुटेना. भाकरी मिळाली, पण आईला ती खाण्याचं त्राण उरलं नव्हतं. आईच्या अंत्ययात्रेला खांदेकरी पुरेनात. रमा उंचीने लहान, म्हणून तिने तिरडीचा भार डोक्यावर घेतला. आई-वडील दोघंही १८७४ मध्ये गेले.

यानंतरचं भराभर सांगते, कारण ते पुस्तकात आहेच. भावाबरोबर पायी भटकंती, १८७८ मध्ये कलकत्त्यात पंडिता आणि सरस्वती या पदव्या, १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावींशी विवाह, मुलगी मनोरमा, आणि १८८२ मध्ये वैधव्य. पुण्यात आर्य महिला समाज. १८८३ मध्ये इंग्लंड.

इंग्लंडमध्ये त्या वॉन्टेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे राहिल्या. त्याच मुक्कामात लंडनच्या फुलहॅम भागात त्यांनी एक घर पाहिलं. समाजाने वाया गेलेल्या म्हणून टाकलेल्या स्त्रिया तिथे होत्या आणि भगिनी त्यांची सेवा करत होत्या. ज्यांची सावलीही नको, त्यांना कोणी जवळ घेतं हे रमाबाईंना नवं होतं. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या बाईला याने केवढा हादरा बसला असेल, विचार करा. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण संपली नाही. बाप्तिस्मा घेऊनही रमाबाई कोणाच्याच मुठीत गेल्या नाहीत. शिकवलेल्या सिद्धांतांवर त्यांनी आपल्या मिशनरी गुरूंशी कडकडून वाद घातले, शाकाहार सोडला नाही. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढे ते पुण्याला नेलं. आणि १८९१ च्या सुमारास त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म पटला, ख्रिस्त मात्र भेटलेला नाही. लहानपणी स्नानं आणि उपवास पदरी साठवायचे, आता बिनचूक विचार आणि समाजकार्य. पदरी काहीतरी जमवून शुद्ध ठरायची सवय तीच राहिली होती. माझ्या मते त्यांचा खरा पश्चात्ताप हा. कुठल्या दुष्कृत्याबद्दलचा नव्हे, तर आपल्या विद्वत्तेवर आणि चांगुलपणावर टाकलेल्या भरवशाबद्दलचा. त्यांनी तो भरवसा सोडला आणि रिकाम्या हाताने क्षमा मागितली. वर्गातल्या त्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. राख लावायला काही मोठा गुन्हा केलेला असावा लागत नाही.

याची किंमतही त्यांना मोजावी लागली. त्यांच्या प्रार्थनेला सदनातल्या मुली येऊन बसू लागल्या, तेव्हा १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठलं. रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडलं, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांची भीती समजण्यासारखी होती, हेही आपण मुलांना सांगायला हवं. विश्वासाने मुलगी पाठवली होती, धर्म बदलायला नव्हे.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो अनाथ मुली-विधवांना घेऊन आल्या. दौंडजवळच्या केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. शतक उलटताना तिथे जवळजवळ २००० जणी होत्या. त्यात एक विभाग कृपा सदन, फुलहॅमला पाहिलेल्यांसारख्याच स्त्रियांसाठी. एके काळी भुकेच्या वेळी तोंड उघडू न शकलेली मुलगी आता इतरांनी न मागता दार उघडत होती.

१९०५ च्या जूनमध्ये मुक्तीत वेगळंच घडलं. आधी काही महिने मुली रोज जमून प्रार्थना करत होत्या. मग एकेक जण रडू लागली, आपल्या चुका सर्वांसमोर बोलू लागली. वर्ग, कामं बाजूला राहिली. हे पाहून बाहेरचे काही भारावले, काहींना तो भावनांचा पूर वाटला. शिक्षिका म्हणून मलाही शंभर मुली एकदम रडताना पाहून आधी काळजीच वाटली असती. पण पाठीवर मार नाही, शिक्षेची भीती नाही, तरी आपली चूक स्वतःहून कबूल करणारी मुलं आपल्या वर्गात किती?

शेवटची बरीच वर्षं रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. खेड्यातल्या बाईला कळेल अशी सोपी भाषा हवी, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली. दुःख गिळून काम चालूच राहिलं. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, तेव्हा भाषांतर पूर्ण झालेलं होतं. ते मुक्तीच्याच छापखान्यात छापलं गेलं, आणि खिळे जुळवायला, पानं बांधायला होत्या त्या दुष्काळातून आलेल्या मुलीच.