क्वीनची शेवटची गाणी इतकी उदास का झाली? फ्रेडी मर्क्युरीने पाळलेल्या मौनाची गोष्ट

१४ ऑक्टोबर १९९१ रोजी ब्रिटनमध्ये 'क्वीन' या बँडचं एक गाणं सिंगल म्हणून बाजारात आलं. नाव होतं 'द शो मस्ट गो ऑन'. काहीही झालं तरी खेळ थांबवायचा नाही, असा त्याचा आशय. गाण्याच्या व्हिडिओत मात्र नवं काहीच नव्हतं. जुन्या व्हिडिओंचे आणि मैफलींचे तुकडे एकापुढे एक जोडले होते. जेमतेम सहा आठवड्यांनी, २४ नोव्हेंबरला, बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी लंडनमधल्या आपल्या घरी वारला. तेव्हा तो ४५ वर्षांचा होता.

तेव्हापासून जगभरातले चाहते हे गाणं फ्रेडीने लिहिलेलं निरोपाचं पत्र समजून ऐकतात. पण त्यातले बहुतेक शब्द फ्रेडीचे नाहीत. ते त्याच्या साथीदाराने, गिटारवादक ब्रायन मेने लिहिलेले आहेत. क्वीनच्या शेवटच्या काळातल्या उदास गाण्यांची खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

झांझिबार ते लंडन, व्हाया पाचगणी

फ्रेडीचं मूळ नाव फारुख बलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये एका पारशी कुटुंबात त्याचा जन्म झाला. कुटुंब मूळचं गुजरातचं. वडील बोमी तिथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. मुलाला चांगलं शिक्षण मिळावं म्हणून आईवडिलांनी त्याला आठव्या वर्षी बोटीने भारतात पाठवलं आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात ठेवलं.

सोबतच्या मुलांनी त्याचा 'फ्रेडी' केला तो इथेच. पियानोचे धडेही त्याने इथेच गिरवले. शाळेतल्या मित्रांना घेऊन त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा बँडही काढला. त्यात तो पियानो वाजवायचा. लहान वयात घरापासून हजारो मैल दूर राहिलेला हा मुलगा एरवी बुजरा होता, पण वाद्यापुढे बसला की वेगळाच भासायचा. मंचावरचा फ्रेडी आणि घरातला फ्रेडी यांच्यातलं हे अंतर पुढे आयुष्यभर टिकलं.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी तिथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब इंग्लंडला गेलं. लंडनच्या ईलिंग आर्ट कॉलेजात त्याने ग्राफिक डिझाइनचं शिक्षण घेतलं. १९७० मध्ये ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर यांच्याबरोबर क्वीन सुरू झाला. पुढच्या वर्षी बेस गिटार वाजवणारा जॉन डीकन त्यांना येऊन मिळाला आणि चौकडी पूर्ण झाली.

बँडची ओळख जल्लोषाची

१९७५ च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ने क्वीनला जगभर नाव दिलं. त्यानंतरच्या दहा वर्षांत या बँडने रॉक, ऑपेरा, डिस्को असं सगळं करून पाहिलं, पण लोकांच्या मनात त्यांची ओळख एकच होती: हजारो लोकांना एका वेळी गायला, टाळ्या वाजवायला लावणारा बँड. १३ जुलै १९८५ रोजी वेम्बली स्टेडियमवर झालेल्या 'लाइव्ह एड' कार्यक्रमात फ्रेडीने जेमतेम वीस मिनिटांत अख्खं स्टेडियम ताब्यात घेतलं. ९ ऑगस्ट १९८६ रोजी इंग्लंडमधल्या नेबवर्थला लाखाहून अधिक लोकांसमोर क्वीनची मैफल झाली. ही त्याची बँडबरोबरची शेवटची मैफल ठरेल, हे तिथे जमलेल्यांना माहीत नव्हतं.

क्वीनकडे याआधीही उदास गाणी होती. 'हू वाँट्स टू लिव्ह फॉरएव्हर' हे १९८६ चं गाणं लोक आज फ्रेडीच्या आजाराशी जोडतात. प्रत्यक्षात ते ब्रायनने 'हायलँडर' या सिनेमासाठी लिहिलं होतं. त्यातला नायक अमर असतो आणि त्याची बायको त्याच्या डोळ्यांदेखत म्हातारी होते. तोवर फ्रेडीच्या आजाराचं निदान झालेलं नव्हतं.

१९८७ नंतर काय बदललं?

फ्रेडीला एचआयव्हीची लागण झाल्याचं निदान १९८७ मध्ये झालं. हा काळ समजून घेतल्याशिवाय त्याचं मौन कळत नाही. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने एड्सबद्दल इशारा देणारं पत्रक देशातल्या घराघरात पाठवलं होतं. औषध म्हणून एझेडटी नुकतंच आलं होतं, पण ते पुरेसं नव्हतं. हा आजार आटोक्यात ठेवणारे औषधांचे एकत्रित उपचार यायला १९९६ उजाडलं. म्हणजे १९८७ मध्ये हे निदान ऐकणं म्हणजे जवळपास मृत्यूची तारीख ऐकण्यासारखंच होतं. त्यातच समलिंगी पुरुषांना या आजारावरून वर्तमानपत्रं रोज झोडपत होती.

फ्रेडीने ही गोष्ट अगदी जवळच्या माणसांपुरतीच ठेवली. बँडने दौरे थांबवले. आल्बम आणि दौरा या चक्रातून बाहेर पडायचं आहे, असं कारण बाहेर दिलं गेलं. साथीदारांना सगळं कळल्यावर त्यांनीही वार्ताहरांसमोर तो ठणठणीत असल्याचंच सांगितलं. फेब्रुवारी १९९० मध्ये ब्रिट पुरस्कार घ्यायला चौघे मंचावर आले तेव्हा फ्रेडीचे खप्पड गाल सगळ्यांना दिसले. त्यानंतर तो पुन्हा कधी मंचावर आला नाही. छायाचित्रकार त्याच्या दारात तळ ठोकून बसू लागले.

याच काळात बँडच्या कारभारातही एक बदल झाला. आधी गाण्याखाली ते लिहिणाऱ्याचं नाव यायचं आणि मानधनावरून चौघांत कुरबुरी व्हायच्या. १९८९ च्या 'द मिरॅकल' आल्बमपासून प्रत्येक गाण्याखाली फक्त 'क्वीन' हे नाव येऊ लागलं. मुखपृष्ठावर चौघांचे चेहरे एकमेकांत मिसळलेले होते. या निर्णयाने भांडणं मिटली. शिवाय कोणतं गाणं कोणी लिहिलं, हे बाहेरच्या माणसाला कळेनासं झालं.

शब्द कोणाचे, आवाज कोणाचा?

पुढचा आल्बम 'इन्युएंडो'. त्याचं ध्वनिमुद्रण लंडन आणि स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो इथे झालं आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये तो बाजारात आला. पहिलंच गाणं साडेसहा मिनिटांचं. सैनिकांच्या संचलनासारखा जड ताल आणि मध्येच स्पॅनिश फ्लामेंको. त्यात 'येस' बँडचा स्टीव्ह हाऊही गिटार वाजवून गेला. एवढं लांब आणि गंभीर गाणं असूनही ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर पोहोचलं.

आल्बमच्या शेवटी 'द शो मस्ट गो ऑन' येतं. रॉजर आणि जॉन यांना सुचलेल्या एका सुरावटीवर ब्रायनने ते बांधलं. पाश्चात्त्य संगीतात ज्याला मायनर म्हणतात त्या उदास वळणाची ही सुरावट घुटमळत पुढे सरकते आणि आवाजाला वर वर ढकलत नेते. पहिल्या काही ओळी फ्रेडी आणि ब्रायनने एकत्र बसून जुळवल्या, बाकीचं ब्रायनने पूर्ण केलं. गाणं कशाबद्दल आहे हे दोघांना कळत होतं, पण उघड बोललं गेलं नाही.

वरच्या पट्टीतल्या जागा ब्रायनने नमुना म्हणून स्वतः चोरट्या आवाजात गाऊन ठेवल्या होत्या. फ्रेडीला तेव्हा चालणंही जड जात होतं. हे आपण त्याच्याकडून फार मागतोय, अशी ब्रायनला भीती वाटत होती. फ्रेडीने व्होडकाचे घोट घेतले आणि ते गाऊन टाकलं, असं ब्रायनने नंतर अनेकदा सांगितलं आहे.

'दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज' हे दुसरं हळवं गाणं रॉजरचं. ते लिहिताना त्याच्या मनात त्याची मुलं होती. मंद ताल, कोंगाचा हलका ठेका आणि सरलेल्या दिवसांची आठवण. फ्रेडीच्या आवाजात त्याचा अर्थच बदलला.

आणि फ्रेडी स्वतः काय लिहीत होता? 'आय अॅम गोइंग स्लाइटली मॅड' हे वेड लागण्यावरचं मिश्कील गाणं प्रामुख्याने त्याचं. 'डिलायला' हे तर त्याच्या लाडक्या मांजरीवर. त्यात ब्रायनच्या गिटारमधून मांजरीचं म्यावही काढून घेतलं आहे. म्हणजे मरणाच्या दारातला माणूस थट्टा आणि मांजर यांवर लिहीत होता, आणि त्याचे मित्र त्याच्यासाठी निरोपाची गाणी लिहीत होते. क्वीनच्या संगीतावर आलेली सावली एकट्या फ्रेडीच्या दुःखाची नव्हती. त्याला निरोप देण्याची तयारी करणाऱ्या तीन मित्रांची भीतीही तिच्यात होती.

कॅमेऱ्यापुढची लपवाछपवी

व्हिडिओंमध्येही ही कसरत दिसते. 'स्लाइटली मॅड'चा व्हिडिओ कृष्णधवल आहे. जाड मेकअप, टोप आणि कोटाखाली कपड्यांचे जादा थर, असं सगळं फ्रेडीचं रोडावलेलं शरीर झाकण्यासाठी केलं होतं. 'दीज आर द डेज'चं चित्रीकरण मे १९९१ मध्ये झालं. तेही कृष्णधवल रूपातच लोकांपुढे आलं. कॅमेऱ्यापुढचं त्याचं हे शेवटचं काम. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये 'द शो मस्ट गो ऑन'च्या व्हिडिओसाठी जुने तुकडे जोडण्याखेरीज पर्याय उरला नव्हता.

२३ नोव्हेंबरला फ्रेडीने निवेदन काढून एड्स झाल्याचं मान्य केलं. दुसऱ्याच दिवशी तो गेला. पारशी पुरोहितांच्या प्रार्थनांसह लंडनमध्ये त्याच्यावर अंत्यसंस्कार झाले. इतक्या उशिरा बोलल्याबद्दल त्याच्यावर टीकाही झाली. त्याच महिन्यात अमेरिकेत बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सनने आपल्याला एचआयव्ही असल्याचं जाहीर केलं होतं. फ्रेडीही आधी बोलला असता तर अनेकांना धीर आला असता, हा मुद्दा खोडून काढता येत नाही. पण शेवटची चार वर्षं त्याला रुग्ण म्हणून नको होती, गायक म्हणून हवी होती. ती त्याला त्या मौनामुळेच मिळाली.

डिसेंबर १९९१ मध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आणि 'दीज आर द डेज' एकत्र प्रसिद्ध झाली आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. त्याचं उत्पन्न एड्सवर काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला दिलं गेलं. एप्रिल १९९२ मध्ये वेम्बलीवर श्रद्धांजलीची मोठी मैफल झाली आणि त्यातून मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट उभा राहिला.

अखेरचं कडवं

'इन्युएंडो' संपल्यावरही फ्रेडी थांबला नव्हता. १९९१ मध्ये अंगात जेव्हा बळ असेल तेव्हा तो माँत्रोच्या स्टुडिओत जाई. मिळेल तेवढं गाऊन ठेवायचं, बाकीचं साथीदारांनी नंतर पूर्ण करायचं, असं ठरलं होतं. मे महिन्यात 'मदर लव्ह' हे गाणं सुरू झालं. ब्रायन एकेक कडवं लिहून देई आणि फ्रेडी ते लगेच गाई. शेवटचं कडवं बाकी असताना तो दमला. परत येऊन पूर्ण करतो, असं सांगून तो गेला, आणि परत आला नाही.

हे गाणं १९९५ च्या 'मेड इन हेवन' आल्बममध्ये आहे. त्यातलं शेवटचं कडवं ब्रायनने गायलं आहे. फ्रेडीचा आवाज कुठे थांबतो आणि मित्राचा कुठे सुरू होतो, ते तिथे स्पष्ट ऐकू येतं.