हाताला शिकवणारा दंतवैद्य

दाताला कीड लागली की दंतवैद्य ती कोरून काढतो आणि खड्डा भरतो. ऐकायला काम सोपे आहे. पण ते ओल्या, अंधाऱ्या तोंडात, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत करायचे असते आणि हात जरा घसरला की चांगला दात जातो. मग नवख्याने सराव कुठे करायचा? या प्रश्नामागे आयुष्य लावणारे गृहस्थ म्हणजे ग्रीन वर्डिमन ब्लॅक.

त्यांचा जन्म १८३६ सालचा, अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या खेड्याकडचा. सतराव्या वर्षी ते डॉक्टर असलेल्या थोरल्या भावाकडे वैद्यक शिकू लागले. पुढे एका दंतवैद्याच्या हाताखाली थोडे दिवस काढले आणि १८५७ मध्ये स्वतःचा दवाखाना थाटला. तेव्हाचे बहुतेक दंतवैद्य असेच तयार होत. उस्ताद करील ते पाहायचे आणि रुग्णाच्याच दातावर हात बसवायचा. त्याची किंमत रुग्ण मोजत असे.

यादवी युद्धानंतर ब्लॅक जॅक्सनव्हिल गावी स्थायिक झाले. भरलेले दात पुन्हा का किडतात, चांदी का निसटते, हे त्यांनी अंदाजावर सोडले नाही. चांदी, कथील, पारा यांची प्रमाणे बदलून मिश्रण किती आकसते, किती फुगते, किती दाब सोसते, याची मोजमापे घेतली. खड्ड्याचा तळ सपाट आणि भिंती सरळ असाव्यात, म्हणजे भरलेले मिश्रण चावताना हलणार नाही, हे दाखवून दिले. कीड दाताच्या कोणत्या भागात आहे यावरून तिचे पाच वर्ग पाडले. हत्यारांच्या पात्याची रुंदी, लांबी आणि कोन आकड्यांत मांडला. त्यामुळे दूर गावच्या दंतवैद्यालाही नेमके तेच हत्यार मागवता येऊ लागले.

१८९७ पासून ते शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील दंत महाविद्यालयाचे अधिष्ठाता होते. मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याला दात दिसणार कसा? त्यांनी दातांच्या आणि हत्यारांच्या अनेक पट मोठ्या प्रतिकृती वापरल्या. कोणती भिंत कशी कापायची, हे साऱ्या वर्गाला एकाच वेळी दिसू लागले. १९०८ मध्ये त्यांचा दंतोपचारावरील दोन खंडांचा ग्रंथ आला आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यावर शिकल्या.

वयाच्या सत्तरीनंतरही शोध थांबला नाही. कोलोरॅडोतील लोकांच्या दातांवर तपकिरी डाग का पडतात, हे पाहायला ते १९०९ मध्ये तरुण दंतवैद्य फ्रेडरिक मॅके यांच्याकडे गेले. डागाळलेल्या दातांना कीड मात्र कमी लागत होती. १९१५ मध्ये ब्लॅक वारले. या डागांचे कारण पिण्याच्या पाण्यातील जादा फ्लोराइड आहे, हे १९३१ मध्ये उलगडले. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांना हे डाग चांगलेच ओळखीचे आहेत.

ब्लॅक यांचे सगळेच नियम टिकले नाहीत. पुन्हा कीड लागू नये म्हणून आजूबाजूचा निरोगी भागही कोरावा, असे ते शिकवत. त्यांच्या काळच्या भरणसाहित्याला ते साजेसे होते. आता दाताला चिकटणारे साहित्य आले आहे, त्यामुळे जेवढे किडले तेवढेच काढण्याकडे कल आहे.

आज काही दंत महाविद्यालयांत विद्यार्थी संगणकाच्या पडद्यावरचा दात कोरतात. हातातल्या यंत्राला दाताचा कठीणपणा जाणवतो आणि मऊ किडलेला भागही कळतो. खड्डा जास्त खोल गेला की पडदा तत्काळ चूक दाखवतो आणि तोच दात पुन्हा नव्याने कोरता येतो. साधन बदलले, पण पडद्यावरच्या किडीला वर्ग मात्र ब्लॅक यांचाच लागतो. आणि पहिल्या चुका रुग्णाच्या तोंडात होऊ नयेत, ही धडपडही तीच आहे.