डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि शब्दातील आघात

संस्कृतातील ‘भगिनी’ मराठीत ‘बहीण’ झाली, हिंदीत ‘बहन’ आणि छत्तीसगढीत ‘बहिनी’. भनपुरीत वाढणाऱ्या मराठी मुलाच्या कानांवर ही तिन्ही रूपे पडतात. ती अशी का झाली, याचा शास्त्रीय विचार करणाऱ्या भारतीयांचे अग्रणी म्हणजे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर.

६ जुलै १८३७ रोजी मालवण येथे त्यांचा जन्म झाला. वडील महसूल खात्यात कारकून. त्यांची बदली रत्नागिरीस झाली आणि मुलाला इंग्रजी शाळा लाभली. एका बदलीने केवढे घडले! पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकून १८६२ साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत ते न्यायमूर्ती रानडे यांच्यासह उत्तीर्ण झाले. सिंधमधील हैदराबाद व नंतर रत्नागिरी येथील हायस्कुलांचे ते मुख्याध्यापक होते. शाळकरी मुलांसाठी त्यांनी लिहिलेल्या दोन संस्कृत पुस्तकांवर कित्येक पिढ्या शिकल्या.

एल्फिन्स्टनमध्ये त्यांनी संस्कृतचे प्राध्यापकपद हंगामी सांभाळले. परंतु कायम नेमणूक झाली ती पीटर पीटर्सन या विलायतेहून आलेल्या विद्वानाची. भांडारकरांच्या वाट्याला सहायकपद आले. त्याच पदावर असताना, १८७७ साली, त्यांनी विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने दिली. संस्कृत, पाली, प्राकृत, अपभ्रंश आणि त्यांतून निघालेल्या मराठी, हिंदी, गुजराती, सिंधी, बंगाली आदी भाषा असा त्यांचा विस्तीर्ण पट होता. अपमानाला याहून सभ्य उत्तर क्वचितच कोणी दिले असेल.

देशी भाषांत शब्दाच्या उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अक्षरावर आघात येतो. म्हणून ते टिकते आणि अंत्य स्वर दुबळा होऊन गळतो, असे त्यांनी दाखविले. ‘भगिनी’तील आघाताचा ‘गि’ ‘ही’च्या रूपाने उरला, ‘नी’तला ईकार गेला. छत्तीसगढीने मात्र तो सोडला नाही. असे नियम सर्वत्र सारखे लागू पडत नाहीत. पुढे ज्यूल ब्लॉक, राल्फ टर्नर यांनी ही चर्चा मतभेदांसह चालविली.

शुद्धलेखनाच्या वहीत लाल शाईने रंगणाऱ्या चुकांचे मूळ येथेच आहे. ‘बहीण’मधील ‘ही’ दीर्घ. पण ‘बहिणीला’ म्हणताच जोर पुढे सरकतो आणि ती ऱ्हस्व होते. ‘मूल’ आणि ‘मुलाला’ यांचेही तेच. इंग्रजीत हा खेळ अधिक तीव्र आहे. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफी’त तो दुसऱ्यावर जातो आणि पहिले ‘फो’ आखडून जवळजवळ ‘फ’ होते. मराठी माध्यमाचे मूल सर्व अक्षरांना सारखा मान देऊन वाचते, त्यामुळे शब्द बरोबर असूनही ऐकणाऱ्यास तो ओळखू येत नाही. आपल्याच ‘बहिणीला’ या शब्दापासून आरंभ केला, तर हे कोडे वर्गात लवकर सुटते.

कीलहॉर्न जर्मनीस परतल्यावर भांडारकरांना पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापकपद मिळाले. १८८५ साली गटिंगेन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली आणि १८९३ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. विधवा कन्येचा पुनर्विवाह करून देताना समाजाचा रोष त्यांनी शांतपणे सोसला.

ती व्याख्याने ग्रंथरूपाने १९१४ साली प्रसिद्ध झाली. ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले. आपला ग्रंथसंग्रह त्यांनी या संस्थेच्या स्वाधीन केला. २४ ऑगस्ट १९२५ रोजी, ऋषिपंचमीला, त्यांचे निधन झाले.