खर्जाचा राजा : किंग टबी

किंग टबी या नावाने संगीतविश्वाला परिचित असलेले ऑस्बर्न रडॉक यांचा जन्म २८ जानेवारी १९४१ रोजी जमैकातील किंग्स्टन येथे झाला. रेडिओ व विद्युत उपकरणांची दुरुस्ती हा त्यांचा व्यवसाय. तेथे उघड्यावर रात्रभर नृत्याचे जलसे रंगत. ज्याच्या लाऊडस्पीकरमधील खर्ज भारदस्त, त्याच्याकडे गर्दी. टबी यांनी स्वतः बांधलेल्या अॅम्प्लिफायरमुळे त्यांच्या 'होमटाऊन हाय-फाय'चा खर्ज दणदणीत असूनही स्वच्छ ऐकू येई.

१९७०च्या दशकात वॉटरहाऊस वस्तीतील राहत्या घरी त्यांनी छोटेखानी स्टुडिओ थाटला. जुन्या मिक्सरवर ते ध्वनिमुद्रित गीतातील गायन बाजूला सारून बास गिटार व ड्रम पुढे आणत. फिल्टरच्या साहाय्याने खर्ज क्षणभर काढून घेत आणि अकस्मात परत सोडत. त्या रितेपणानंतर तो अधिकच भरीव भासे. यातूनच 'डब' शैली आकाराला आली. पुढील काळातील रिमिक्सचा पायाही तिनेच घातला.

६ फेब्रुवारी १९८९ रोजी घराबाहेर गोळ्या झाडून त्यांची हत्या झाली. मारेकरी कधीच सापडला नाही. वादक म्हणून नव्हे, तर तंत्रज्ञ म्हणून नावारूपाला आलेल्या टबी यांनी मिक्सरलाच वाद्याचा दर्जा मिळवून दिला.