सुझान लेंग्लेन

सुझान लेंग्लेन (२४ मे, १८९९ – ४ जुलै, १९३८) या फ्रान्सच्या विख्यात टेनिसपटू होत्या. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात त्यांनी विंबल्डनचे एकेरीचे विजेतेपद सहा वेळा पटकावले. १९२० सालच्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये त्यांना दोन सुवर्णपदके मिळाली. कीर्तीच्या शिखरावर असताना, १९२६ साली, त्यांनी हौशी टेनिसचा त्याग करून व्यावसायिक खेळाडू म्हणून करार केला. खेळासाठी उघडपणे मानधन घेणे त्या काळी अप्रतिष्ठेचे मानले जात असल्यामुळे मोठ्या स्पर्धांची दारे त्यांना कायमची बंद झाली. फ्रेंच वृत्तपत्रांनी त्यांना 'ला दिव्हीन', म्हणजे 'दिव्य स्त्री', असे नाव दिले होते.

बालपण आणि शिक्षण

सुझान यांचा जन्म पॅरिस येथे झाला. वडील शार्ल लेंग्लेन यांचा घोड्यांच्या प्रवासी गाड्यांचा वडिलोपार्जित व्यवसाय होता. तो विकून ते निवृत्त झाले. कुटुंब उन्हाळ्यात उत्तर फ्रान्समधील काँपिएन्यजवळच्या मारे-स्युर-मात्झ या गावी, तर हिवाळ्यात दक्षिणेकडील नीस शहरात राहत असे. सुझान लहानपणी अशक्त होत्या. त्यांना दम्याचा त्रास होता. मोकळ्या हवेत व्यायाम घडावा म्हणून वडिलांनी १९१० साली त्यांच्या हाती रॅकेट दिली. मुलीला खेळात गती आहे हे ध्यानात येताच त्यांनी तिच्या शिक्षणाची सूत्रे स्वतःकडे घेतली.

शार्ल हे स्वतः नावाजलेले खेळाडू नव्हते. मात्र त्यांची निरीक्षणशक्ती सूक्ष्म होती. नीस आणि आसपासच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात नामवंत खेळाडूंचे सामने होत. ते पाहताना त्यांना असे दिसले की, स्त्रिया बहुधा कोर्टच्या मागच्या रेषेवर राहून संथपणे चेंडू परतवतात, तर पुरुष पुढे धावून आक्रमण करतात. आपल्या मुलीने पुरुषांप्रमाणे खेळावे असे त्यांनी ठरवले. ते कोर्टवर ठिकठिकाणी हातरुमाल पसरत आणि चेंडू नेमका त्यावर टाकण्याचा सराव करून घेत. मुलीचा खेळ मनासारखा झाला नाही, तर चारचौघांतही ते तिला कठोर शब्दांत बोलत. या शिस्तीतून सुझान यांच्या फटक्यांत विलक्षण अचूकता आली. पुढे मोठ्या सामन्यांच्या वेळी त्यांच्या मनावर जो ताण येई, त्याचे मूळही अनेकांनी याच शिस्तीत शोधले आहे.

युद्धाची वर्षे

१९१४ च्या उन्हाळ्यात, वयाची पंधरा वर्षे नुकतीच पूर्ण झाली असताना, सुझान यांनी पॅरिसजवळच्या सें-क्लू येथे भरलेली जागतिक हार्ड कोर्ट अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी फ्रान्सच्या राष्ट्रीय स्पर्धेत मार्गरीत ब्रोकेदी यांनी त्यांना तीन सेटमध्ये हरवले. एकेरीचा सामना शेवटपर्यंत खेळून पराभूत होण्याची त्यांच्या कारकिर्दीतील ही अखेरची वेळ ठरली.

ऑगस्ट १९१४ मध्ये युरोपात युद्धाचा भडका उडाला आणि टेनिसच्या स्पर्धा थांबल्या. १९१५ ते १९१८ ही चार वर्षे विंबल्डनची स्पर्धा भरली नाही. चार वेळा विंबल्डन जिंकलेले न्यूझीलंडचे अँथनी वाइल्डिंग १९१५ साली फ्रान्सच्या रणभूमीवर मारले गेले. लेंग्लेन कुटुंब या काळात नीस येथे राहिले. विश्रांतीसाठी किंवा प्रकृती सुधारण्यासाठी तेथे आलेल्या सैनिकांमध्ये चांगले टेनिसपटूही असत. त्यांच्याशी खेळून सुझान यांनी सराव चालू ठेवला. इतरांच्या दृष्टीने वाया गेलेल्या या वर्षांत त्यांचा खेळ परिपक्व झाला.

विंबल्डन १९१९

युद्धानंतरची पहिली विंबल्डन स्पर्धा १९१९ साली झाली. त्या वेळच्या नियमानुसार आधीचा विजेता थेट अंतिम सामना खेळत असे. त्यामुळे सुझान यांची गाठ सात वेळा विजेत्या ठरलेल्या डोरोथिया लँबर्ट चेंबर्स यांच्याशी पडली. एक वीस वर्षांची, तर दुसरी चाळीस वर्षांची. राजे पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी सामन्यास उपस्थित होते. तिसऱ्या सेटमध्ये चेंबर्स यांना दोन मॅचपॉइंट मिळाले, परंतु सुझान यांनी दोन्ही वाचवले आणि १०-८, ४-६, ९-७ असा सामना जिंकला. थकवा घालवण्यासाठी वडील प्रेक्षकांतून त्यांना ब्रँडीत भिजवलेली साखर पुरवत होते.

या सामन्याची चर्चा खेळाइतकीच पोशाखामुळेही झाली. चेंबर्स जुन्या वळणाचा लांब झगा घालून उतरल्या होत्या. सुझान यांनी घट्ट अंतर्वस्त्राची पट्टी टाकून दिली होती. त्यांचा झगा पोटऱ्यांपर्यंतच होता आणि हात मोकळे होते. मोठी ढांग टाकणे, उडी मारणे, नेटपर्यंत धावणे हे त्यामुळे शक्य झाले. पुढे पॅरिसचे वेशभूषाकार झाँ पातू त्यांचे पोशाख तयार करू लागले. डोक्याला बांधलेला त्यांचा रुंद रेशमी पट्टाही सर्वत्र लोकप्रिय झाला.

यशाचा काळ

१९१९ ते १९२३ अशी सलग पाच वर्षे आणि पुन्हा १९२५ साली सुझान यांनी विंबल्डनचे एकेरीचे विजेतेपद मिळवले. याच सहा वर्षी एलिझाबेथ रायन यांच्या साथीने त्या दुहेरीतही विजेत्या ठरल्या. १९२० च्या ऑलिंपिकमध्ये एकेरीच्या सर्व सामन्यांत मिळून त्यांनी केवळ चार गेम गमावले. त्याच ऑलिंपिकमध्ये माक्स देक्युजी यांच्यासह मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक आणि स्त्रियांच्या दुहेरीत कांस्यपदकही त्यांनी मिळवले. त्यांना पाहण्यासाठी लोटणारी गर्दी वर्पल रोडवरील विंबल्डनच्या जुन्या मैदानात मावेनाशी झाली. १९२२ साली क्लब चर्च रोडवरील प्रशस्त जागेत गेला. या स्थलांतरास युद्धोत्तर काळात टेनिसची वाढलेली लोकप्रियता कारणीभूत होती आणि त्या लोकप्रियतेत सुझान यांचा वाटा मोठा होता.

या काळातील एकच सामना त्यांच्या नावावर पराभव म्हणून नोंदला गेला. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या फ्रेंच प्रदेशांसाठी निधी जमवण्याच्या हेतूने त्या १९२१ साली अमेरिकेस गेल्या. समुद्रप्रवासात त्या आजारी पडल्या होत्या आणि विश्रांतीस पुरेसा वेळही मिळाला नाही. फॉरेस्ट हिल्स येथील अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धेत, नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन विजेत्या मोला मॅलरी यांच्याविरुद्ध पहिला सेट ६-२ असा गमावल्यावर त्यांनी दुसऱ्या सेटच्या प्रारंभीच सामना सोडून दिला. हार दिसू लागताच त्यांनी आजाराचे निमित्त केले, अशी टीका अमेरिकन वृत्तपत्रांनी केली. पुढील वर्षी विंबल्डनच्या अंतिम सामन्यात सुझान यांनी मॅलरी यांना अवघ्या २६ मिनिटांत ६-२, ६-० असे हरवले. १९२४ साली काविळीमुळे त्यांना विंबल्डनमधून माघार घ्यावी लागली आणि पॅरिस येथील ऑलिंपिकलाही त्या मुकल्या.

कॅन येथील सामना

१६ फेब्रुवारी १९२६ रोजी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील कॅन येथे, कार्ल्टन क्लबच्या कोर्टवर, सुझान यांचा सामना अमेरिकेच्या हेलन विल्स यांच्याशी झाला. विल्स तेव्हा वीस वर्षांच्या होत्या आणि १९२४ चे ऑलिंपिक सुवर्णपदक त्यांच्याकडे होते. तिकिटे न मिळालेले लोक आसपासच्या छपरांवर आणि झाडांवर चढून सामना पाहत होते. दुसऱ्या सेटमध्ये सुझान विजयापासून एका गुणावर असताना विल्स यांचा फटका बाहेर गेल्याची आरोळी ऐकू आली. दोघींनी हस्तांदोलन केले आणि चाहते कोर्टवर धावले. तेवढ्यात रेषेवरील पंचाने आपण तसा निर्णय दिलाच नसल्याचे सांगितले. आरोळी प्रेक्षकांतून आली होती. जिंकलेला सामना पुन्हा सुरू झाला. विल्स यांनी बरोबरी साधली, तरीही अखेरीस सुझान यांनी ६-३, ८-६ असा विजय मिळवला. विल्स यांच्यावर त्याच वर्षी पॅरिसमध्ये आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर या दोघी एकेरीत पुन्हा कधीच समोरासमोर आल्या नाहीत.

विंबल्डन १९२६

त्या वर्षीच्या विंबल्डनमध्ये सामन्यांच्या वेळापत्रकावरून मोठा घोटाळा झाला. दुहेरीच्या सामन्याच्या दिवशीच, त्याच्या आधी, सुझान यांचा एकेरीचा सामना ठेवण्यात आला होता. हा बदल त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचला नाही. त्या मैदानावर आल्या तेव्हा राणी मेरी बराच वेळ त्यांची वाट पाहत बसल्या होत्या. हा राणीचा अपमान आहे असे ब्रिटिश वृत्तपत्रांनी मानले. पुढच्या सामन्यात एरवी टाळ्यांनी स्वागत करणाऱ्या प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. मनाने खचलेल्या सुझान यांनी स्पर्धेतून माघार घेतली. विंबल्डनच्या कोर्टवर त्या पुन्हा खेळल्या नाहीत.

व्यावसायिक खेळाडू

त्या काळी टेनिसच्या मोठ्या स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंसाठी असत. खेळण्यासाठी पैसे घेणाऱ्यास त्यांत प्रवेश नसे. तिकिटांची विक्री मोठ्या प्रमाणावर होई. पण ते उत्पन्न क्लब आणि संघटना यांच्याकडे जाई. ज्यांच्यामुळे गर्दी जमे, त्या खेळाडूंना अधिकृतपणे चषकापलीकडे काही मिळत नसे. ज्यांच्या घरी संपत्ती होती त्यांना हा नियम जाचत नसे. इतरांना यजमानांच्या कृपेवर आणि आडमार्गाने मिळणाऱ्या खर्चावर अवलंबून राहावे लागे. १९२६ च्या उन्हाळ्यात फ्रान्सची अर्थव्यवस्था संकटात होती आणि फ्रँकचे मूल्य झपाट्याने घसरले होते. शार्ल लेंग्लेन यांची प्रकृतीही ढासळत होती.

अशा वेळी अमेरिकन प्रवर्तक सी. सी. पाइल यांनी सुझान यांना ५०,००० डॉलरच्या कराराचा प्रस्ताव दिला आणि तो त्यांनी स्वीकारला. त्यांच्या चमूत १९२४ चे ऑलिंपिक विजेते व्हिन्सेंट रिचर्ड्स, हॉवर्ड किन्सी, हार्वे स्नॉडग्रास आणि फ्रान्सचे पॉल फेरे हे पुरुष खेळाडू होते. सुझान यांच्या प्रतिस्पर्धी म्हणून अमेरिकेच्या माजी राष्ट्रीय विजेत्या मेरी ब्राउन यांची निवड झाली. त्याच वर्षीच्या फ्रेंच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सुझान यांनी ब्राउन यांना ६-१, ६-० असे हरवले होते.

९ ऑक्टोबर १९२६ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सुमारे १३,००० प्रेक्षकांसमोर या दौऱ्याचा प्रारंभ झाला. त्यानंतर फेब्रुवारी १९२७ पर्यंत हा चमू अमेरिका, कॅनडा आणि क्यूबा येथील शहरांत खेळत फिरला. रात्रीचा रेल्वेप्रवास, नवे शहर, सभागृहात अंथरलेले तात्पुरते कोर्ट आणि संध्याकाळी सामना, असा क्रम होता. नाजूक प्रकृतीच्या सुझान यांनी तो चार महिने निभावला. ब्राउन यांच्याविरुद्धचे सर्व ३८ सामने त्यांनी जिंकले.

या निर्णयाची किंमत त्यांना चुकवावी लागली. फ्रेंच टेनिस संघटनेने त्यांना स्पर्धांतून वगळले. विंबल्डनच्या क्लबने त्यांचे सन्माननीय सदस्यत्व काढून घेतले. पैशासाठी खेळाची प्रतिष्ठा विकली, असा ठपका त्यांच्यावर ठेवण्यात आला. सुझान यांनी आपली बाजू जाहीरपणे मांडली. आपल्या खेळावर इतरांनी भरपूर कमावले, स्वतःच्या हाती मात्र काही उरले नाही, आणि केवळ श्रीमंतांनाच परवडेल असा नियम न्याय्य म्हणता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. अमेरिकेच्या दौऱ्यानंतर पाइल या व्यवसायातून बाजूला झाले. १९२७ साली चार्ल्स कॉक्रन यांनी ब्रिटनमध्ये सुझान यांचे काही सामने आयोजित केले. परंतु त्यांच्या तोडीची दुसरी व्यावसायिक स्त्री खेळाडू नव्हती आणि हौशी खेळाडूंशी खेळण्याची मुभा नव्हती. अशा रीतीने वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांची कारकीर्द थांबली.

उत्तरायुष्य आणि निधन

१९२९ साली शार्ल लेंग्लेन यांचे निधन झाले. सुझान अविवाहित राहिल्या. काही काळ त्यांनी वेशभूषेच्या क्षेत्रात काम केले. टेनिसविषयी त्यांनी पुस्तके लिहिली असून त्यांच्या नावावर एक कादंबरीही आहे. १९३० च्या दशकात त्यांनी पॅरिसमध्ये टेनिसची शाळा काढली आणि मुलांना शिकवण्यात त्या रमल्या. ज्या संघटनेने त्यांना दूर लोटले होते, तिनेच पुढे या शाळेला मान्यता दिली.

१९३८ च्या जून महिन्यात त्यांचा आजार बळावला. ४ जुलै १९३८ रोजी पॅरिस येथे, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तीव्र स्वरूपाचा रक्तक्षय हे मृत्यूचे कारण नोंदले गेले. त्याच्या दोनच दिवस आधी हेलन विल्स यांनी विंबल्डनचे आठवे विजेतेपद मिळवले होते. सुझान यांचे दफन पॅरिसजवळील सें-उआँ येथील दफनभूमीत करण्यात आले.

महत्त्व

स्त्रियांचे टेनिस पाहण्यासाठी लोक तिकीट काढून गर्दी करतात, हे सुझान लेंग्लेन यांनी सिद्ध केले. सोयीस्कर पोशाख, नेटजवळचा आक्रमक खेळ आणि पुरुषांबरोबरचा सराव या त्यांनी रूढ केलेल्या गोष्टी पुढील पिढ्यांना स्वाभाविक वाटू लागल्या. १९२४ सालच्या 'ल त्रँ ब्ल्यू' या नृत्यनाट्यातील टेनिसपटूचे पात्र त्यांच्यावरून बेतलेले होते. हौशी आणि व्यावसायिक हा भेद मोठ्या स्पर्धांतून १९६८ साली दूर झाला; ज्या कारणासाठी सुझान यांना वगळण्यात आले होते, ते कारण त्यांच्या निधनानंतर तीस वर्षांनी उरले नाही. १९७८ साली आंतरराष्ट्रीय टेनिस कीर्तिदालनात त्यांचा समावेश झाला. पॅरिसच्या रोलाँ गारोस संकुलातील दुसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या कोर्टला १९९७ साली त्यांचे नाव देण्यात आले. फ्रेंच ओपनमध्ये स्त्रियांच्या एकेरीतील विजेतीला दिला जाणारा चषकही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

प्रमुख विजेतेपदे

विंबल्डन, एकेरी: १९१९, १९२०, १९२१, १९२२, १९२३, १९२५
विंबल्डन, दुहेरी: १९१९, १९२०, १९२१, १९२२, १९२३, १९२५
विंबल्डन, मिश्र दुहेरी: १९२०, १९२२, १९२५
फ्रेंच अजिंक्यपद, एकेरी: १९२०, १९२१, १९२२, १९२३ (तेव्हा फक्त फ्रेंच क्लबांच्या सदस्यांसाठी), १९२५, १९२६
जागतिक हार्ड कोर्ट अजिंक्यपद, एकेरी: १९१४, १९२१, १९२२, १९२३
ऑलिंपिक, अँटवर्प १९२०: एकेरी व मिश्र दुहेरीत सुवर्ण, स्त्रियांच्या दुहेरीत कांस्य