शहराची नाडी पाहणारा वैद्य

नगररचना म्हटलं की सिव्हिलवाल्यांना आठवतो तो एबेनेझर हॉवर्ड. 1898 साली त्यानं उद्याननगरीची कल्पना मांडली, 1903 मध्ये इंग्लंडात लेचवर्थ आकाराला येऊ लागलं आणि जगभर हिरव्या उपनगरांचं वारं सुटलं. पण वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या मला जास्त जवळचे वाटतात ते पॅट्रिक गेडिस.

जन्म 1854, स्कॉटलंड. पदवी कधी घेतलीच नाही, तरी डंडीला वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले! तरुणपणी मेक्सिकोत डोळे अधू झाले आणि सूक्ष्मदर्शक सुटला. मग नजर वळली शहरांकडे. लग्नानंतर पत्नी ॲनासह ते एडिंबरोच्या गलिच्छ वस्तीत राहायला गेले आणि शेजाऱ्यांना हाताशी धरून साफसफाई, रंगरंगोटी सुरू केली. आधी पाहणी, मग निदान, शेवटी इलाज, तोही कमीत कमी तोडफोड करून, ही त्यांची पद्धत.

1914 साली ते भारतात आले. त्यांच्या प्रदर्शनाचे नकाशे आणणारं जहाज एमडेन या जर्मन युद्धनौकेनं बुडवलं. त्यांनी ते सगळं पुन्हा जमवलं. 1917 साली मुलगा युद्धात गेला, त्याच वर्षी ॲनाही गेल्या. तरी हा माणूस थांबला नाही. 1919 ते 1924 मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवलं.

नेमकं तेव्हाच, गव्हर्नर लॉईड यांच्या काळात 1920 मध्ये स्थापन झालेलं बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट चाळी बांधत होतं. वरळीत 121 चाळी, एका मजल्यावर 20 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची, संडास सामाईक. गेडिस यांच्या लेखी अशा चाळी म्हणजे माणसांची गोदामं. पुढे रहिवाशांनीच त्या गोदामांची घरं केली, ती पॅसेजमध्ये. अभ्यास, भांडणं, गणपतीच्या मीटिंगा, सगळं तिथेच.

1932 साली फ्रान्समध्ये गेडिस वारले. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना टॉवरमधल्या 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घरात स्वतःचा संडास आला, ही गोष्ट लहान नाही. पण पॅसेजचे चौरस फूट कोणत्या कागदावर मोजले? उद्या आपल्यातलेच कुणी असे प्लॅन काढतील. तेव्हा टेप लावण्याआधी त्या पॅसेजमध्ये एक संध्याकाळ नुसतं बसून बघा. गेडिस यांनी तेच केलं असतं.