बिनचष्म्याची त्रिमिती : गॅब्रिएल लिपमन

शिक्षक होण्याच्या परीक्षेत नापास झालेल्या माणसाला पुढे नोबेल मिळालं, हे वर्गात सांगून पाहा. मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतील!

गॅब्रिएल लिपमन यांचा जन्म १६ ऑगस्ट १८४५ रोजी लक्झेंबर्गमध्ये झाला. ते लहान असतानाच कुटुंब पॅरिसला आलं. सुरुवातीचं शिक्षण घरीच. शाळेत गेले ते तेराव्या वर्षी. जे आवडेल त्यात बुडून जायचं आणि बाकीच्याकडे बघायचंही नाही, असा त्यांचा स्वभाव. त्यापायीच ती परीक्षा हुकली. तरी १८८३ मध्ये ते पॅरिसच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. मेरी क्युरींनी सुरुवातीला काम केलं, ते यांच्याच प्रयोगशाळेत. १९०८ चं नोबेल त्यांना रंगीत छायाचित्रणासाठी मिळालं.

पण मला मोठी वाटते ती त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्यांनी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडलेली कल्पना. माशीचा डोळा आठवा. तशी असंख्य बारीक भिंगं एका काचेवर बसवायची. प्रत्येक भिंग आपल्या जागेवरून एक इवलंसं चित्र टिपतं. मग त्याच भिंगांतून ती चित्रं पाहिली, की डाव्या आणि उजव्या डोळ्याला वेगवेगळं दृश्य मिळतं आणि खोली दिसते. चष्मा नाही, काही नाही!

अडचण आहे ती कोनाची. प्रत्येक भिंगामागे त्याच्या चित्राला जागा तेवढीच. फार बाजूला सरकलात, तर शेजारच्या भिंगाचं चित्र दिसू लागतं आणि दृश्य एकदम उडी मारतं. कोन वाढवायला भिंग मोठं करावं, तर भिंगांची संख्या घटते आणि चित्र भरड होतं. भिंग चित्राच्या जवळ आणावं, तर तेवढेच ठिपके जास्त दिशांना वाटले जातात; खोलीतल्या वस्तू पुसट होतात. एकीकडे ओढलं की दुसरीकडे उघडं पडतं, बघा. आजचे काही पडदे कॅमेऱ्याने बघणाऱ्याचे डोळे शोधून प्रकाश तिकडेच वळवतात. एका माणसासाठी हे ठीक आहे. आपल्या वर्गातल्या चाळीस मुलांचं काय?

लिपमन यांच्या काळी इतकी बारीक, नेमकी भिंगं बनवणंच अवघड होतं. १३ जुलै १९२१ रोजी कॅनडाहून परतताना जहाजावरच त्यांचं निधन झालं.

वर्गात करायचं असेल तर तिरकी केल्यावर चित्र बदलणारी प्लॅस्टिकची पट्टी आणा. तिच्यावर गोल भिंगांऐवजी उभ्या भिंगरेषा असतात. चित्र कुठे उडी मारतं ते मुलांना कोनमापकाने मोजू द्या.